सजग आहार आणि अतिआहाराची कारणे : बुलडाणा जिल्ह्यातील भोजनव्यवहाराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

अतिआहार म्हणजे केवळ संयमाचा अभाव, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात अतिआहारामागील शारीरिक, मानसिक व सामाजिक कारणांचे विवेचन करून ही समजूत अपुरी असल्याचे दाखविले आहे. आपल्या पारंपरिक भोजनव्यवहारात खाण्याला लगाम घालणाऱ्या काही व्यवस्था होत्या, तशाच अधिक खाण्यास भाग पाडणाऱ्या काही रीतीही होत्या. बदलत्या जीवनमानात लगाम गळून पडले. रीती मात्र टिकून राहिल्या. यास्तव सजग आहाराचा विचार केवळ व्यक्तीच्या मनोनिग्रहापुरता न ठेवता वाढण्याच्या व जेवण्याच्या व्यवस्थेशी जोडणे आवश्यक आहे, असे मत या लेखात मांडले आहे.

बीजशब्द : सजग आहार, अतिआहार, तृप्ती, पंगत, आग्रह, उपवास.

प्रस्तावना :

पश्चिम विदर्भातील बुलडाणा हा प्रामुख्याने कापूस व सोयाबीन पिकविणारा जिल्हा होय. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यांत बुलडाण्याचा समावेश होता. अशा जिल्ह्यात राहून अतिआहारावर लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. जेथे पोटभर मिळण्याचीच चिंता आहे, तेथे अधिक खाण्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न रास्तपणे विचारला जाऊ शकतो.

परंतु उपासमार आणि अतिआहार या दोन निरनिराळ्या समाजांच्या समस्या राहिलेल्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांमध्ये जो अभ्यास केला, त्यातून भारतीय बालके जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, ही बाब पुढे आली. तात्पर्य, पोषणाची उणीव पाहिलेल्या समाजालाच पुढे अन्नाच्या अतिरेकाची बाधा अधिक होण्याची शक्यता असते. म्हणूनच हा विषय केवळ सुखवस्तू शहरी वर्गाचा नाही.

सजग आहार : संकल्पना व परंपरा

सजग आहार म्हणजे काय खावे याची यादी नव्हे. आपल्याला खरोखर भूक लागली आहे काय, आपण काय व किती खात आहोत, त्याची चव, वास, स्पर्श कसा आहे आणि पोट केव्हा भरले, याकडे खाताना लक्ष असणे म्हणजे सजग आहार होय. आधुनिक आरोग्यशास्त्रात ही संकल्पना जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ताणनिवारण उपक्रमातून रुजली. त्यात सहभागी व्यक्तींना एक मनुका हाती देऊन ती सावकाश पाहण्यास, हुंगण्यास व चावण्यास सांगितले जाते. पुढे जीन क्रिस्टेलर यांनी अनावर खाण्याच्या समस्येसाठी या पद्धतीवर आधारित स्वतंत्र कार्यक्रम विकसित केला.

तथापि हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात फार घाईने जेवू नये, फार रेंगाळत जेवू नये, बोलत-हसत जेवू नये, आधीचे अन्न पचल्यावरच आणि मन लावून जेवावे, असे आहारविधीचे नियम आले आहेत. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा व मुळीच न खाणारा या दोघांनाही योग साधत नाही, असे सांगितले आहे.

बौद्ध परंपरेतील एक कथा तर या विषयाच्या गाभ्याशी भिडणारी आहे. संयुत्त निकायातील या कथेनुसार कोसल देशाचा राजा पसेनदी भरपूर भात जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. प्रमाण ओळखून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा आशयाची एक गाथा बुद्धांनी उच्चारली. राजाने आपल्या सोबतच्या तरुणास ती पाठ करावयास सांगितली आणि प्रत्येक भोजनाच्या वेळी ती म्हणून दाखविण्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचा आहार क्रमाक्रमाने कमी झाला व शरीर हलके झाले. या कथेत राजाने केवळ निश्चय केला नाही. आठवण करून देणारा माणूस ताटाजवळ नेमला. लक्ष टिकविण्यासाठीही एखादी व्यवस्था लागते, हे त्याने ओळखले होते.

अतिआहाराची कारणे :

१) शारीरिक कारणे : भूक व तृप्ती यांचे नियमन मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग करतो. जठर रिकामे असताना स्रवणारे ग्रेलिन हे संप्रेरक भूक वाढविते; त्याचा शोध १९९९ मध्ये जपानमध्ये लागला. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन (शोध १९९४) शरीरातील मेदसाठ्याची वर्दी मेंदूस देते. जठर ताणले गेल्याची जाणीव आणि आतड्यांतून निघणारी तृप्तीची संप्रेरके मेंदूपर्यंत पोहोचण्यास साधारणतः १५ ते २० मिनिटे लागतात. जो दहा मिनिटांत ताट संपवितो, त्याची तृप्ती जेवण झाल्यावर येते. अपुरी झोप हेही एक महत्त्वाचे कारण होय. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो येथील एका प्रयोगात निरोगी तरुणांची झोप दोन रात्री चार तासांवर आणली असता त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, ग्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भूकही वाढली. परीक्षेच्या काळात रात्र-रात्र जागणाऱ्या विद्यार्थ्याची अवेळी भूक या दृष्टीने पाहावयास हवी.

२) पदार्थाचे स्वरूप : २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० व्यक्तींना चार आठवडे संस्थेत ठेवून एक प्रयोग केला. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त व दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. दोन्ही प्रकारांत पुढ्यात ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मेद व तंतू यांचे प्रमाण सारखे होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात त्याच व्यक्तींनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या व त्यांची खाण्याची गतीही अधिक होती. पंधरवड्यात माणसांचा संयम बदलला नव्हता. अन्न बदलले होते.

आपल्याकडे याचा अर्थ सहज ध्यानी येतो. तव्यावरून एकेक उतरणारी ज्वारीची भाकर, तिच्यासोबत झुणका, ठेचा किंवा उसळ असे जेवण चावून खावे लागते व त्यास वेळ लागतो. ज्वारीचे क्षेत्र घटत जाऊन तेथे सोयाबीन आले. स्वस्त धान्य दुकानातून गहू व तांदूळ मिळू लागले. आणि गावोगावच्या टपरीवर पाच-दहा रुपयांची चिप्स व बिस्किटांची पाकिटे लटकू लागली. ही पाकिटे चावण्यास सोपी, उष्मांकाने दाट आणि कोणत्याही वेळी उपलब्ध असतात. शेगावची प्रसिद्ध कचोरी ही आपल्या जिल्ह्याची ओळख आहे व ती आवडीने खाण्यात गैर काही नाही. परंतु मैदा व तेल यांच्या एकत्र येण्याने लहान आकारात मोठा उष्मांक सामावतो. गाडीची वेळ झाली म्हणून घाईत खाल्लेल्या दोन कचोऱ्या आणि निवांत बसून चवीने खाल्लेली एक यांत समाधान कशात अधिक, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

३) मानसिक कारणे : ताण, एकटेपणा, कंटाळा व चिंता यांवर अन्न हा तात्पुरता उतारा ठरतो. गोड व तळलेल्या पदार्थांनी क्षणभर बरे वाटते आणि तीच सवय जडते. लक्ष विचलित असणे हेही कारण आहे. दूरदर्शन संच किंवा मोबाइल पाहत जेवल्यास त्या वेळी अधिक खाल्ले जाते. शिवाय काय खाल्ले याची स्मृती पुसट राहिल्याने पुढच्या वेळीही अधिक खाल्ले जाते, असे विविध प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे.

तिसरे कारण वरकरणी विरोधाभासाचे वाटेल : अतिआहाराचे मूळ पुष्कळदा अल्पाहारात असते. १९४४–४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. नंतर भरपूर अन्न मिळू लागल्यावरही त्यांपैकी अनेकांची भूक पोट भरूनही शमत नव्हती. कडक पथ्य पाळणाऱ्यांवर १९७५ मध्ये झालेल्या एका प्रयोगात आधी मिल्कशेक दिल्यानंतर त्यांनी आइस्क्रीम कमी न खाता उलट अधिक खाल्ले; नियम मोडलाच आहे तर आता काय, ही भावना त्यामागे असल्याचे संशोधकांनी म्हटले. आपल्या लोकांनी हेच ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीत सांगून ठेवले आहे. साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे, बटाट्याचा चिवडा अशा फराळाने साजरा होणारा उपवास आणि दुसऱ्या दिवशीचे भरघोस पारणे यांत आत्मसंयमाचा हेतू बाजूला पडतो.

४) सामाजिक कारणे : यांचे विवेचन आपल्या भोजनव्यवहाराच्या संदर्भात स्वतंत्रपणे करणे इष्ट ठरेल.

पंगत : लगाम आणि आग्रह

गावातील भंडारा असो, लग्नकार्य असो किंवा तेरवी; पंगत ही आपल्या सामूहिक जेवणाची मुख्य पद्धत राहिली आहे. आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहता तिच्यात काही लगाम होते. सर्वांनी एकाच वेळी बसावयाचे, श्लोक म्हटल्याशिवाय घास घ्यावयाचा नाही, पदार्थ वाढपी क्रमाने व थोडा थोडा वाढणार, दोन वाढण्यांच्या मध्ये थांबावे लागणार आणि पंगत उठल्याशिवाय उठावयाचे नाही. या थांब्यांमुळे तृप्तीची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचण्यास वेळ मिळत असे. शिवाय अशी जेवणे प्रसंगोपात्त असत आणि वर्षभर शेतातील कष्टांनी अन्न अंगी लागत असे.

त्याच पंगतीत अधिक खाण्यास भाग पाडणारी रीतही होती, ती म्हणजे आग्रह. चारचौघांत जेवताना माणूस एकट्यापेक्षा अधिक खातो, हे जॉन डी कॅस्ट्रो यांच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. आपल्याकडे त्यात यजमानाच्या आग्रहाची भर पडते. आपल्या शिष्टाचारात पाहुण्याचा पहिला नकार हा संकोच मानला जातो. ‘नको’ म्हटले की ‘लाजू नका’ असे उत्तर येते आणि हाताने झाकलेल्या ताटातही एक पुरी पडतेच. परिणामी ज्याचे पोट खरोखर भरले आहे, त्याच्याजवळ ते सांगण्यासाठी शब्दच उरत नाही. तृप्तीची खूण शरीराने दिली आणि समाजाने ती फेटाळली, असा हा प्रसंग असतो. अन्न दुर्मिळ होते त्या काळी आग्रह ही खरी माया होती. संकोची पाहुणा अर्धपोटी उठू नये, हा तिचा हेतू होता. आज प्रसंग बदलला आहे, हेतू विसरला गेला आहे आणि रीत शिल्लक आहे.

बुफे पद्धतीत पंगतीचे लगाम गेले. सर्व पदार्थ एकदम समोर, उभ्याने खाणे आणि ताट एकाच वेळी भरून घेणे यांमुळे थांबे नाहीसे झाले. चव बदलली की भरल्या पोटीही पुन्हा खावेसे वाटते, हे बार्बरा रोल्स यांनी १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखविले आहे. पंधरा पदार्थांच्या मांडणीत हे पंधरा वेळा घडते.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न :

अतिआहाराच्या चर्चेत घरातील गृहिणीचा विचार क्वचितच होतो. अनेक घरांत ती सर्वांच्या शेवटी जेवते. भाजी संपली असेल तर ती अर्धपोटी राहते. उरली असेल तर ‘टाकायचे कसे’ म्हणून भूक नसताना खाते. मुलांच्या ताटातील उरलेला भात, सकाळची शिळी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेले वरण यांचा हिशेब तिच्या जेवणात कोणी धरत नाही. आठवड्यात उपवासही तिचेच अधिक. उपासमार आणि अतिआहार एकाच व्यक्तीच्या एकाच आठवड्यात कसे नांदतात, याचे हे उदाहरण होय.

अन्न वाया घालवू नये, हा संस्कार या जिल्ह्यात खोलवर रुजलेला आहे. परंपरेनुसार २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात श्री गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले, ते उष्ट्या पत्रावळींवरील अन्नकण वेचून खाताना. अन्न हे पूर्णब्रह्म आहे, हा बोध भाविक या प्रसंगातून घेतात. या संस्काराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की अन्नाचा मान कोणत्या टप्प्यावर राखावयाचा? भूक नसताना पोटात ढकललेले अन्न वाचत नाही. तेही वायाच जाते आणि शरीरास उपद्रव करते. पत्रावळीवरचे कण वेचण्याची वेळ येते, ती आधी गरजेपेक्षा अधिक वाढले गेल्यामुळे. यास्तव अन्नाचा मान राखण्याची जागा पोट नसून वाढण्याचा हात आहे. शिजविण्याचे माप आणि वाढण्याचे माप ठरविले, तर टाकण्याचा व कोंबण्याचा असे दोन्ही दोष टळतात.

महाराष्ट्रातील दोन आहारमते :

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एक वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत दिवसात दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे असे सांगते. तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला देतात. ही दोन मते परस्परविरोधी आहेत आणि त्यांतील एकाची निवड करणे हा या लेखाचा हेतू नाही. तथापि दोहोंतील एक समान धागा दुर्लक्षिला गेला. दीक्षित प्रथम आपल्या खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखण्यास सांगतात. दिवेकर मनात येईल त्याच्या निम्मे वाढून घ्यावे, दुप्पट वेळ लावून खावे आणि त्यानंतरही भूक असेल तर पुन्हा विचार करावा, असे सुचवितात. म्हणजेच दोघांचाही आरंभ स्वतःच्या भुकेची ओळख करून घेण्यापासून आहे. वादात घड्याळ राहिले आणि भूक ओळखण्याचा भाग मागे पडला.

सजग आहाराचा अवलंब :

अ) जेवणापूर्वी आपली भूक शून्य ते दहा या मापात मनाशी ठरवावी. भूक नसून कंटाळा वा ताण असल्यास पाच मिनिटे चालून यावे किंवा कोणाशी बोलावे.
आ) सुरुवातीस निम्मे वाढून घ्यावे. दुसऱ्या वाढीपूर्वी काही मिनिटे थांबावे. पंगतीतील थांबा घरच्या ताटात आणावा.
इ) पहिले तीन घास न बोलता, मोबाइल दूर ठेवून घ्यावेत. सरावासाठी मनुकेची आवश्यकता नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचे चार दाणे एकेक करून सावकाश खाऊन पाहावेत.
ई) यजमानाने एकदाच विचारावे व पहिला ‘नको’ खरा मानावा.
उ) घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे. गृहिणी सोबत बसली की उरलेल्या अन्नाचा भार तिच्या एकटीवर पडत नाही.

मर्यादा :

सजग आहारामुळे अनावर खाणे व भावनेच्या भरात खाणे कमी होते, असे उपलब्ध संशोधन दर्शविते. वजन घटण्याबाबतचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. म्हणून तो वजन उतरविण्याचा हमखास उपाय म्हणून सांगू नये. मधुमेहींनी औषधांच्या वेळा सांभाळून व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच जेवणात बदल करावेत. तीन महिने आठवड्यातून किमान एकदा, स्वतःवर ताबा न राहता अल्पावधीत खूप अन्न खाल्ले जात असेल व त्यानंतर तीव्र अपराधी भावना येत असेल, तर तो २०१३ पासून मानसोपचारशास्त्राने स्वतंत्रपणे मान्य केलेला विकार असू शकतो. अशा व्यक्तीस उपदेशाची नव्हे, उपचाराची गरज असते. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठी उपलब्ध आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ व पुन्हा २०१८ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांच्या आवारात जंक फूडच्या विक्रीस बंदी घालण्याबाबत सूचना दिल्या आहेत. केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही. खेड्यातून पहिल्या बसने येणारा विद्यार्थी अनेकदा उपाशीपोटी तासाला बसतो आणि दुपारी उपाहारगृहात मिळेल ते घाईने खातो. वेळापत्रकात जेवणाची अर्ध्या तासाची निश्चित सुट्टी, डबा खाण्यासाठी बसण्याची जागा, पिण्याचे पाणी आणि उपाहारगृहात उसळ, भाकर, फुटाणे यांची उपलब्धता या गोष्टी कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारक ठरतील. विद्यार्थ्यांच्या देहयष्टीवरून होणारी थट्टा प्राध्यापकांनी कटाक्षाने थांबवावी. लाजेतून कडक पथ्य आणि पथ्यातून अतिआहार हे चक्र तेथूनच सुरू होते. चर्चासत्रांच्या भोजनात पदार्थांची संख्या मर्यादित ठेवण्याचा आरंभ आपल्याच संस्थांतून करता येईल.

निष्कर्ष :

१) अतिआहार हा केवळ व्यक्तीच्या इच्छाशक्तीचा दोष नसून शरीरधर्म, अन्नाचे स्वरूप, मनःस्थिती व सामाजिक रीती यांचा संयुक्त परिणाम आहे.
२) उपासमार, कडक पथ्य व अतिआहार या परस्परसंबंधित अवस्था आहेत. त्यामुळे कमी खाण्याचा सरसकट उपदेश घातक ठरू शकतो.
३) पारंपरिक पंगतीतील थांबे जपण्याजोगे आहेत, आग्रहाची रीत मात्र कालानुरूप बदलणे आवश्यक आहे.
४) अन्नाचा आदर वाढण्याच्या टप्प्यावर राखला गेल्यास अन्नाची नासाडी व अतिआहार हे दोन्ही दोष कमी होऊ शकतात.
५) पसेनदी राजाला ताटाजवळ आठवण देणारा तरुण लागला. आजच्या कुटुंबात ते काम एकत्र बसण्याची वेळ, बाजूला ठेवलेला मोबाइल आणि पहिला ‘नको’ ऐकणारा यजमान करू शकतात.